नावं ठेवणं

कौन्सिलनं नाव ठेवलं : क्रेगफर्न.
बाकी गावानं नावं ठेवली.

टॅक्सीवाला ओढ्याच्या पुलाशीच थांबायचा,
"इथून जा चालत, पोरी."
इशबेल रेनी चालायची
हातातल्या चिप्स निवेपर्यंत.

नोकरीच्या अर्जावर ती मावशीचा पत्ता लिहायची,
पुलापलीकडचा, ब्रे रोड,
जिथं कचऱ्याच्या डब्यांवरही
घरांची नावं रंगवलेली असतात.
मावशीनं कधी विचारलं नाही.
एका नाताळात म्हणाली फक्त,
"तुझी पत्रं फार येतात गं इथं,
आणि सगळी पातळ."

मग तिन्ही टॉवर पाडले, एका रविवारी.
लोक थर्मास घेऊन बघायला आले,
ब्रे रोडवरचेसुद्धा.
आठव्या मजल्यावरचा मोरपंखी वॉलपेपर
क्षणभर उघडा दिसला,
आईनं वाकडा चिकटवलेला.
कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

आता तिथं पाटी आहे : ऑर्चर्ड व्ह्यू.
मोजकीच घरं शिल्लक.
झाड तर एकच होतं, रोवनचं,
डगीच्या कुत्र्यानं पाणी घालून वाढवलेलं.

काल नमुना घर बघायला गेली ती.
सेल्समननं विचारलं,
"हा भाग ओळखीचा आहे का तुम्हाला?"
"नाही," म्हणाली.

परतताना पुलाशी थांबली,
टॅक्सी थांबायची
बरोबर तिथं.