दोन लेबलं

भोसरीच्या लॅबमध्ये दोन बाटल्या.
एकीवर आपल्या मंडळाचं लेबल,
दुसरीवर शेजारच्या राज्याचं.
पाणी भीमेचंच, एका बादलीतून भरलेलं.

सत्तावीस अंशाला, अंधारात, तीन दिवस.
तेवढ्यात तुंगारे साहेबांचे चार फोन:
“कारखाना जाईल हो हद्दीपलीकडे,
त्यांनी मागच्याच महिन्यात मर्यादा सैल केली.”
स्वर मंडईतला,
शेजारचा गाळा दोन रुपयांनी उतरला
म्हणजे आपणही उतरायचं.

बीओडी बेचाळीस.
इकडे नापास, तिकडे काठावर पास.
सोमवारी आपली बैठक आहे.

मी दोन्ही वह्यांत एकच आकडा लिहिला,
खाडाखोड नको म्हणून शाईने.

परतताना बंडगार्डनच्या पुलाखाली
जलपर्णीचं एक बेट सुटलं होतं दौंडच्या दिशेने,
वर बगळा.
मी गाडी थांबवली.
त्याने पाय बदलला.