अर्धं द्राक्ष

दिंडोरीहून साडूंनी पाठवलेली पेटी
वर्तमानपत्राखाली अजून थंड.
मी विचारतो, हिरवी की काळी?
तिर्सा गालावर बोट ठेवून विचार करते,
अडीच वर्षांच्या माणसाने करावा तितका खोल,
आणि म्हणते, काळी. नाही, हिरवी. नाही, काळी.
मग मी सुरी काढतो
आणि घर डोक्यावर येतं.

तिला अख्खं हवंय.
मी उभं चिरतो प्रत्येक द्राक्ष, बी असो नसो,
कारण सुनीतीने एकदा कॅज्युअल्टीत
निळं पडलेलं एक पोर उलटं धरलं होतं
आणि घरी येऊन तीन दिवस कुणाशी बोलली नव्हती.
हे तिर्साला कुठल्या शब्दांत सांगू?
रंग तुझा, बशी तुझी,
खिडकीत बसून खायचं की पायरीवर, तेही तुझं.
चिरणं माझं.

ती फरशीवर पालथी, टाचा आपटत.
शेजारच्या त्रिभुवनबाई भिंतीवर दोनदा ठोकतात:
रविवार आहे हो आज.

माझ्या वडिलांच्या घरी असं विचारत नसत.
बोर्डिंगचे सुपरिटेंडंट. कपाटावर बायबल,
शेजारी निरगुडीचा फोक.
दोन्हींवर कधी धूळ बसली नाही.
मी त्यांना भ्यायलो, त्यांच्यावर जीवही टाकला,
आणि आजही हॉटेलात कुणी मेनूकार्ड पुढे केलं
की मला घाम फुटतो.

म्हणून मी विचारत सुटलो.
लाल मोजे की पांढरे? आधी दात की आधी तोंड?
गोष्ट योनाची की नोहाची?
दिवसाला चाळीस प्रश्न.
एका संध्याकाळी तिने दोन्ही कान झाकले,
म्हणाली, पप्पा, तू सांग.

आणि आज, शरणपूर रोडवर,
हात धरतेस की बोट, असं मी विचारलं
आणि ती म्हणाली, कायच नाही,
आणि निसटली.
टेम्पोवाल्याने कचकन ब्रेक दाबला.
मी काय केलं ते मनगटावर आहे,
चार बोटं, लाल.

चर्चमध्ये पोचलो तेव्हा दुसरं गीत संपत आलेलं.
मग प्रभूची प्रार्थना. सगळे डोळे मिटून.
'इच्छा' या शब्दापाशी माझी जीभ थांबली,
जन्मभर तो म्हणत आलोय तरी.
देवबापा, तू खरंच निवड देतोस
की नुसता रंग विचारतोस
आणि सुरी आपल्याकडे ठेवतोस?
अख्खी बाग दिलीस, एक झाड सोडून.
त्या दिवशी उन्हं कलल्यावर बागेत हाका मारताना
तुझाही आवाज चढला होता का?
मागाहून वाईट वाटलं होतं का?

पाळक छोटे पेले घेऊन रांगेशी आले.
द्राक्षंच ती, पण इथे
हिरवी की काळी, कुणी विचारत नाही.
तिर्सानेही हात पुढे केला.
पाळकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला
आणि ते पुढे गेले.
ती रडली नाही.
का नाही रडली, ते मला अजून कळलेलं नाही.

घरी सुनीती नाइट ड्युटी करून झोपलेली.
स्वेटर काढताना मनगट तिला दिसेलच,
तेव्हा काय सांगायचं ते मी जुळवतोय.
तेवढ्यात तिर्साने पेटीतून एक द्राक्ष उचललं,
माझ्याकडे पाहत
पुढच्या दातांत धरलं, सावकाश चावलं.
अर्धं तोंडात, अर्धं तळहातावर, लाळेने चिकट.
चिरलं, ती म्हणाली.
आणि ते अर्धं माझ्या ओठांशी आणून,
मी खाण्याआधीच:
आंबट की गोड?

बाकीची मी सुरीनेच चिरली.
ती रडली. कालच्यापेक्षा थोडं कमी,
किंवा मला तसं वाटलं.