तळ

गावाचं नाव लोहा, आडनाव पांचाळ,
लाकडाचं काम घेऊन माझ्याकडं कोण येणार.
दस्तगीरमामू आले.
पत्र्याच्या थप्पीकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.
"विश्वंभर, मार्गशीर्षात माळेगाव.
त्याआधी घोडीला गाडी पाहिजे."

मी वहीत लिहिलं : तळाला चेकर प्लेट, चार मिली.
मामूंनी पेन्सिल घेतली, खोडलं.
"बारा वाजता त्या पत्र्यावर अनवाणी उभा राहा.
मग त्याच्यावर मूत.
मग घसरू नको."

म्हणून बाभूळ.
हिरवी नाही, दोन उन्हाळे खाल्लेली, दीड इंची.
दोन फळ्यांत काडीभर फट,
पाणी उतरेल, नाल अडकणार नाही.
फळीच्या पाठीला जळकं ऑइल.

"आधीच्या टेम्पोचा तळ वरून चांगला होता,"
मामू एवढंच बोलले,
"अहमदपूरच्या चढावर,"
आणि चहा तसाच थंड झाला.
मी काही विचारलं नाही.
रात्री एकटाच बसून
सगळ्या फळ्या उलट्या केल्या
आणि एकेक हातोडीनं वाजवून ऐकली.

वर रबर हवं होतं.
साखर कारखान्याच्या भंगारात दोन दिवस काढले,
कन्व्हेयरचा जुना पट्टा मिळाला,
तीनदा धुतला तरी मळीचा वास गेला नाही.
मामूंनी वाकून त्याला गाल लावला.
"चालतंय."

छताला दोन पत्रे, मधे थर्माकोल, बाहेरून पांढरा रंग.
मी म्हणलं, निळा उठून दिसला असता.
म्हणाले, "घोडीला कुठं बाहेरून बघायचंय?"

बोल्टांची डोकी फळीत बुडवली.
कडा ग्राइंडरनं मारल्या, अंगठा फिरवून बघितला.
मामूंनी खिशातून जुन्या रेशमी फेट्याचा तुकडा काढला,
भिंतीवरून, गजावरून, फाटकावरून फिरवत गेले.
जिथं धागा अडकला तिथं खडूची खूण.
सतरा निघाल्या.
वीस वर्षांच्या कामाला कुणी
असा फडका लावला नव्हता.

उसाच्या हिशोबानं पाटे अकरा लावतो मी.
चार काढले.
मग भर दुपारी स्वतःच आत उभा राहिलो,
मामूंच्या नातवानं पिकअप जोडली, पारडीपर्यंत नेलं.
पाय टिकले. तळवे भाजले नाहीत.
पण फाटकाची साखळी,
खण् खण् खण्, खड्डा आला की खणाखणा,
बरोबर कानाशी.
उतरलो तेव्हा मला माझंच बोलणं ऐकू येईना.
साखळीला सायकलची ट्यूब चढवली.
हे मामूंनाही सुचलं नव्हतं.

बत्ताशी आली. नुकरी, गुलाबी नाकाची.
उतरत्या फळीवर खूर ठेवला, काढला.
परत ठेवला. पट्टा हुंगला, एकदा चाटला.
मग आत जाऊन
माझ्याकडं शेपूट करून उभी राहिली.
पावती म्हणून तेवढी पुरे.

त्याच हप्त्यात अंबादास मुकादम आला.
उसाची ट्रॉली, साधी, स्वस्तात.
जिभेला सवय लागली होती, विचारून बसलो :
तळाला फळ्या घालू का? उन्हाला बऱ्या.
मुकादम हसला.
"घोडी थोडीच न्यायचीय?
ऊस, आणि जाता-येता माणसं."

मी वहीत लिहिलं, चेकर प्लेट.
खोडायला पेन्सिल कुणी मागितली नाही.

पट्ट्याचा एक तुकडा उरला होता, तीन बाय दोन,
लेकरू मांडीवर घेऊन एका बाईला बसता येईल एवढा.
ट्रॉलीच्या पुढच्या कोपऱ्यात ठोकला,
डोकी घासून,
फडका फिरवून.
बिलात धरला नाही.
मुकादम म्हणाला, हे काय रे?
म्हणलं, भंगार हाय. पडू द्या.