हत्तीवर निजलेला

इरोडचा चेन्नियप्पन दरसाल मार्चात येतो
माझ्या अडतीवर, राजापुरी हळद घ्यायला.
मंजळ म्हणतो तो हळदीला.
हमालाला अण्णा म्हणतो, आपल्यासारखंच,
आणि हळकुंड मोडताना कान जवळ नेतो.
वाळलेलं खणकन बोलतं.
ओलं असलं तर मुकं.

यंदा म्हणाला, पेव दाखवा.
हरिपुरात आता राहिलीत किती?
महापुरात बहुतेक ढासळली,
काहींवर गोठे उठले.
बाळगोंडाच्या रानात मात्र एक आहे.
तोंडावरची फरशी सरकवली,
दोरीनं कंदील सोडला आत.
विझला नाही. म्हणजे माणूस उतरू शकतो.

चेन्नियप्पन ओणवा होऊन बघत राहिला.
"आमच्याकडं नोय्यल नदीच्या काठी असंच खणतात.
खापरं निघतात, काळी-तांबडी.
त्यांवर टोकानं ओरखडलेली अक्षरं,
कुणाचं तरी नाव. राजाचं नव्हे.
ज्याचं मडकं, त्याचं."

मग राजांचं सांगत बसला, चिंचेखाली.
चेरांचं धनुष्य, चोळांचा वाघ, पांड्यांचा मासा.
तिघांचं वैर असं, की वाघानं मासा गिळावा,
धनुष्यानं वाघावर नेम धरावा,
आणि दोनेकशे वर्षांनी माशानंच
वाघाला पाण्यात ओढून न्यावं.
"आमच्या भावकीगत," बाळगोंडा म्हणाला.

"एक चोळ राजा तुमच्याच नदीवर मेला.
कोप्पमच्या लढाईत, हजार वर्षं होत आली.
हत्तीवर, बसल्या जागी.
आम्ही त्याला मेला म्हणत नाही.
हत्तीवर निजलेला, म्हणतो.
धाकट्या भावानं तिथंच रणात मुकुट चढवला
आणि लढाई पुढं चालू."

कोप्पम कुठलं, यावर पंडितांचं जमत नाही.
कुणी तुंगभद्रेकडं बोट दाखवतात,
कुणी आपल्या खिद्रापुराकडं.
चेन्नियप्पनचं ठरलेलं होतं.
माझ्या मोटारसायकलवर मागं बसून आला,
कुरुंदवाड, ऊन, उसाच्या ट्रॉल्या,
तोंडात धूळ, तरी बोलतच होता.

देवळाच्या पायाशी दगडी हत्ती, रांगेनं,
सोंडा तुटलेले, सगळ्या देवळाचं ओझं पाठीवर.
देऊळ त्या लढाईनंतरचं, मी सांगितलं.
"हत्तींना काय माहीत," तो म्हणाला,
आणि एकेकाच्या मस्तकावर हात टेकत गेला,
वर कुणी निजलंय का, ते बघत असल्यासारखा.
मग घाटावर उतरला. कृष्णा बघितली.
"कावेरीला यंदा एवढंसुद्धा नाही."
एवढंच.

मला शाळेत दुसरी बाजू शिकवलेली,
चालुक्य, शिलाहार, सनावळीला पाच गुण.
त्या धाकट्यानं म्हणे कोल्हापुरात विजयस्तंभ रोवला.
आमच्या पुस्तकात तो खांब नव्हता.
मग त्या दिवशी आपण कुणाकडून होतो?
परतल्यावर बाळगोंडाला विचारलं.
"आपण? नदीला उतार कुठं हाय,
ते दोघास्नीबी दाखवत असणार."

दुसऱ्या दिवशी यार्डात सौदा.
आता बोली उघड होते, पण जुनी खोड.
त्यानं टॉवेल टाकला माझ्या हातावर
आणि आतून बोटं दाबली.
कालच्या भावाला दोनशे कमी.
मी तोंडाकडं बघितलं त्याच्या.
तिथं काही नव्हतं. ना वाघ, ना मासा.
मी त्याचं एक बोट घट्ट धरलं. शंभर.
टॉवेलाखाली बराच वेळ
कुणीच हललं नाही.