रिकामा माग

मिरजेच्या डॉक्टरांनी फाइल मिटली,
पाणी प्यायले, आणि म्हणाले,
आता बरं करायचं नाही,
बरं वाटू द्यायचं.
एसटीत तासगाव मागे पडलं
तरी मी त्या दोन ओळींतली गाठ चाचपत होतो.
तुटलेलं सूत अंधारातही जोडणारा माणूस मी,
ही गाठ बोटांना सापडेना.

त्याच्या आईला आधी कळलं.
घरी आल्या आल्या तिनं रेवणला
चार महिने बंद असलेलं लोणचं दिलं,
एक फोड.
तो ती तासभर चोखत बसला.

मंगळवारी मुल्लाणी सिस्टर येतात स्कूटीवरून.
बिनसुईच्या सिरिंजनं गालात औषध सोडतात,
कडू असतं, म्हणून आधी स्वतःच तोंड वाकडं करतात.
मग चेहऱ्यांचं कार्ड.
हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा.
आज कुठला रे?
त्यानं तिसऱ्यावर बोट ठेवलं.
मग कुणी न विचारता शेवटच्यावर,
हा पप्पांचा.
सिस्टरांनी तेही वहीत लिहून घेतलं.

मेहुणे फोनवर म्हणतात, मुंबईला न्या की,
असे हात काय टेकलेत?
टेकलेत.
त्याच्या पाठीखाली.
रात्री कूस बदलताना तिथंच लागतात ते.

रेणावीला जाऊन आलो. नाव त्या देवाचंच.
झोप मागा, त्याची आई म्हणाली होती.
झोप मागितली.

चारातले दोन माग केमोत गेले.
उरलेल्या दोघांना रात्रपाळी नाही, मंदी आहे.
आणि हे पोर खडखडाटात जन्मलेलं,
गल्ली गप्प झाली की दचकून उठतं.
म्हणून खाली जातो, एक माग चालू करतो.
सूत संपलं की माग आपसूक थांबतो,
तशी कळच असते त्याला.
ती कळ मी सुतळीनं बांधून टाकलीय.
धोटा रिकामाच जातो, रिकामाच येतो.
बोटभर कापड निघत नाही.
वर त्याच्या भुवया सैल होतात,
त्याची आई जिन्यातून खूण करते.
वीजबिल येईल तेव्हा येईल.

काल म्हेत्र्यांनी विचारलं,
रात्रभर काय विणताय एवढं?
ऑर्डर आहे, म्हटलं.
छोटीच.
घाई नाही कसली.