शेरा

पहाटे तीनची कूस
मी रात्री नवालाच बदलून टाकली, वहीत.
टिक केली, खुर्चीतच डोळा लागला.

घणसोली, सातवा मजला.
रांजणे साहेब जागेच होते.
रबाळ्याच्या कंपनीत तीस वर्षं सेफ्टी ऑफिसर,
आता वाचा गेलीय, नजर नाही.
माकडहाडाशी लाल चट्टा उठलाय,
तो वहीत नाही.

सकाळी सुपरवायझर मॅडम आल्या,
चप्पल पायातच,
उभ्या उभ्या सही करू लागल्या.
साहेबांनी डाव्या हाताने वही ओढली.
माझ्या पोटात गोळा.

शेऱ्याच्या रकान्यावर
पेन कितीतरी वेळ नुसतंच थरथरलं.
मग वाकडंतिकडं उमटलं:
हिची बदली बाई आली नाही.
तिसरी रात्र.

मॅडमनी चप्पल काढली.
बसल्या.