चार बोटं

वर्लिन हॉगनच्या दुकानात काउंटरवर अँटेने मांडलेले,
भाजीवालीनं शेवग्याच्या शेंगा मांडाव्यात तसे.
"आधी सांग, कोणाला ऐकायचंय?"
मी म्हणालो, सगळ्यांना.
तो हसला नाही. डुलूथची माणसं हसू जपून वापरतात,
फेब्रुवारीत उरलेल्या लाकडासारखं.

मग मोजमाप. तो सेंटिमीटर सांगतो,
मी मनात हात लावतो, गजरेवाली लावायची तो,
कोपरापासून मधल्या बोटापर्यंत.
सरोवरातल्या जहाजांचं बोलणं: एक हात.
मालगाड्यांचं दोन बोटं कमी.
विमानांचं हाताहून अर्धी वीत जास्त.
आणि बंब, रुग्णवाहिका, आठशेच्या पट्टीतलं सगळं:
चार बोटं, फार तर पाच.
"एवढंच?"
"लाटच तेवढी आहे."

मला तरी डिस्कोनच हवा होता.
वर थाळी, खाली छत्रीच्या काड्या,
कापड वाऱ्यानं नेलेलं.
तो सगळं ऐकतो, वर्लिन म्हणाला,
आणि कुणाचंच नीट नाही.
मी पैसे मोजले. ओळखीचं वाटलं ते वर्णन.

गाडीचा प्रश्न वेगळा.
टपाच्या मधोमध भोक पाडावं हे उत्तम,
चारी बाजूंनी सारखा पत्रा मिळतो.
शशिकला म्हणाली, आधी हप्ते फिटू देत, मग पाडा भोकं.
म्हणून चुंबकाचा.
हायवेवर सत्तरच्या वेगात तो जरा वाकतो,
नमस्कार केल्यासारखा, पण सुटत नाही.
पत्र्यावर उमटलेला गोल ओरखडा
मी मेण लावून घासतो, ती घरात असली की.

छपरावर ऑक्टोबरात चढलो.
केबल डिस्कोनपेक्षा महाग पडली.
स्वस्तातली घेतली असती तर वर पकडलेलं
निम्मं वायरीतच सांडलं असतं.
अर्थिंगची सळई जमिनीत ठोकताना
खाली दगडच दगड. हे गावच दगडावर बसलंय.

रात्री बोलू लागलं सगळं.
खनिज भरलेल्या जहाजाचा कप्तान पुलाला म्हणतो,
वीस मिनिटांत येतोय.
पूल म्हणतो, ये.
कुणी डब्यांचे आकडे वाचतं, झोपेत पाढे म्हणावेत तसं.
आठशेवर मात्र शब्द बुडबुड्यांसारखे,
वर येतात आणि फुटतात.

वर्लिनला मी खोटं सांगितलं होतं.
ऋता काउंटीच्या कंट्रोल रूममध्ये रात्रपाळीला असते.
फोनवर ती "हं." "बरं." "ठेवते."
तिसरं वर्ष आहे.
कारण आहे. त्यात मी आहे.

थँक्सगिव्हिंगनंतर पुन्हा दुकानात गेलो,
आखूड काडी मागितली, गाडीसाठी.
वर्लिननं खण उघडला, बंद केला.
"म्हणजे ठरलं, कोणाला ते."
बाकी काही विचारलं नाही.

शून्याखाली अकरा. टेकडीवरच्या रस्त्याला गाडी उभी केली,
खाली बंदराचे दिवे, टपावर चार बोटांची काडी,
काडेपेटीत मावली नसती इतकीच मोठी.
पाऊण तास कुणी कुणी, कुठल्या कुठल्या आवाजात.
मग ती.
एंजिन सातला पत्ता दिला, दोनदा, आकडे सुटे करून.
म्हातारी बाई पडलीय, शुद्धीवर आहे,
मागचं दार उघडंय.
किती सावकाश बोलते.
कुठल्या अनोळखी बाईसाठी
इतका वेळ असतो तिच्याकडे.
आणि शेवटी, "सांभाळून, पायऱ्यांवर बर्फ आहे."

मी काच खाली केली.
का, ते कळलं नाही. आवाज काही बाहेरून येत नव्हता.

घरी आलो तर शशिकला जागी.
स्कॅनरबद्दल वर्षभरात तिनं कधी विचारलं नव्हतं.
म्हणाली, "काय म्हणाली?"
"पायऱ्यांवर बर्फ आहे."
तिनं कोपऱ्यातली मिठाची पिशवी ओढली,
दार उघडलं,
आणि त्या थंडीत, गाउनवर,
आमच्या तिन्ही पायऱ्यांवर मीठ टाकत राहिली.